अबूनांच्या नावावर

शर्टाचं गळ्याजवळचं बटण तपकिरी दोऱ्यानं शिवलेलं होतं. शर्ट पांढरा, बटण पांढरं, आणि त्याच्या चार भोकांमधून आडवाउभा गेलेला मेण लावलेला जाड दोरा — पुस्तकांच्या पाठी शिवायचा — बरोबर कंठाच्या घाटीवर, एखादा किडा चिकटून राहावा तसा. लबीबनं तो नखानं खरवडून पाहिला. लगेच त्याला स्वतःचीच शिसारी आली. कारण दोऱ्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं, दुपारी दोनशे माणसांसमोर उभं राहायचं होतं आणि तोवर बोटांना काहीतरी चाळा हवा होता, इतकंच.

"पांढरा दोरा संपला होता," स्वयंपाकघरातून त्याची बायको ऊजेनी म्हणाली. त्यानं काही विचारलं नव्हतं. "टाय लाव. दिसणार नाही."

टाय लावला की दिसणार नाही... त्यानं टाय लावला. दिसेनासं झालं. कोटाच्या आतल्या खिशात चार घड्यांचा कागद होता, आणि त्या कागदावर एक वाक्य होतं. ते वाक्य आठवलं की गेले अकरा दिवस त्याला घशाशी आल्यासारखं होत होतं — आंबट, आणि आपलंच.

फादरांच्या शाळेत लबीबनं छत्तीस वर्षं अरबी शिकवली, आणि छत्तीस वर्षं शाळेची भाषणं लिहिली. निरोपाची, स्वागताची, मृत्यूची. वाचायचं कुणी दुसऱ्यानंच. त्याचा आवाज पहिल्या तीन रांगांपलीकडे कधी गेला नाही, त्यामुळे तो लिहायचा आणि मागे खांबाजवळ उभा राहून आपली वाक्यं परक्या तोंडातून ऐकायचा. त्या भाषणांची एक रीत होती. शाळेत जे काही झालं ते त्या वेळच्या अबूनांनी केलं. अबूना हन्नांनी कुंपणाची भिंत बांधली, अबूना फरजल्लांनी विहीर खणली, अबूना बुक्तुरांनी वरचा मजला चढवला. गवंडी कोण, विहिरीत कोण उतरलं, हे कुणी विचारत नसे आणि कुणाला त्यात खोटं काही वाटत नसे. घरात पहिला घास म्हाताऱ्याच्या ताटात वाढतात, तसं होतं ते. नीलकाठच्या या गावात धर्मगुरूला अबूना, म्हणजे आमचा बाप, म्हणतात. आणि घरात जे होतं ते बापाच्या नावावर जातं.

त्यामुळे शाळेचे आताचे तरुण प्रमुख, अबूना रुफाईल, घरी येऊन म्हणाले की अबूना बुक्तुरांच्या पंचेचाळीस वर्षांच्या सेवेचा सत्कार करायचा आहे, ग्रंथालयाला त्यांचं नाव द्यायचं आहे, उस्ताद, भाषण आणि पाटीचा मजकूर तुमच्याशिवाय कोण लिहिणार — तेव्हा लबीबनं त्याच रात्री, एकही शब्द न खोडता, लिहून टाकलं. हातानंच लिहिलं ते. मी तिथं नव्हतोच, असं आता म्हणता येईल का? हात माझाच होता. 'बुडालेल्या दोन हजार ग्रंथांमधला एकेक ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हातांनी वाचवला, वाळवला, शिवला, आणि या ग्रंथालयाचा पाया घातला.'

स्वतःच्या हातांनी.

त्र्याऐंशी साली गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि जुन्या फ्रेंच फादरांची पुस्तकं तळघरात गळ्याइतक्या पाण्यात गेली. ऊजेनी तेव्हा मुलींना शिवण शिकवायची. तिनं तीन उन्हाळे गच्चीवर दोऱ्या बांधल्या, पानं सोडवली, चिमटे लावले, विटांखाली दाबली, आणि मग खाली बसून एकेक पुस्तक पुन्हा शिवलं — आधी गाद्या शिवायच्या दोऱ्यानं, मग कैरोहून मेणाचा दोरा मागवून. बोटांच्या टोकांना घट्टे पडले ते अजून आहेत, तिला गरम भांडं चिमट्याशिवाय उचलता येतं. अबूना बुक्तुर संध्याकाळी उसाच्या रसाचे पेले घेऊन वर यायचे, दोरीवरचं एखादं पान मोठ्यानं वाचायचे, आणि पुढचं पान कुठल्या दोरीवर आहे ते शोधत फिरायचे. सापडायचं नाही. मग स्वतःच गोष्ट पुढे नेऊन तिचं काहीतरी लग्नच लावून टाकायचे, आणि ऊजेनी तोंडात दोरा धरून हसायची... रस आणला होता. वाचलं होतं. शिवलं नव्हतं.

मसुदा त्यानं तिला वाचून दाखवला होता. ती मोलोखियाच्या भाजीची पानं देठांवरून खुडत होती, हिरव्या पाण्यानं बोटं बरबटलेली. सगळं ऐकून घेतलं तिनं. त्या वाक्याशी हात थांबला की नाही, हे त्यानं पाहिलं नाही, कारण तेव्हा त्याला तिथं थांबण्यासारखं काही आहे हेच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "जरा लांब झालंय." बस्स.

कळलं ते अकरा दिवसांपूर्वी, दगडवाल्याकडे. पाटी भिंतीला टेकून उभी होती, अक्षरांत सोनेरी रंग भरून झाला होता, आणि दगडवाला अंगठ्यानं 'हातांनी' या शब्दावरची धूळ पुसत होता. लबीब तसाच अबूना रुफाईलांकडे गेला. चाचरत, खोकत, त्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उस्ताद, मॅडम ऊजेनींना कोण ओळखत नाही? त्या घरच्याच. आणि दगड आता कापून झालाय हो."

आणि लबीब म्हणाला होता, बरोबर आहे, अबूना. खरकट्या भांड्यातल्या कोमट पाण्यासारखं ते 'बरोबर आहे'. अकरा दिवस तो ते पुन्हा पुन्हा ऐकत होता.

म्हणून आज त्यानं ठरवलं होतं. या खेपेला भाषण त्यानंच वाचायचं होतं, तसा अबूना रुफाईलांचा आग्रहच होता. त्या वाक्याशी यायचं, थांबायचं, मान वर करायची आणि म्हणायचं: हे काम माझी बायको ऊजेनी हिनं केलं. दोनशे माणसांसमोर, एकदा. कागदाबाहेरचा एक शब्द आयुष्यात बोललो नव्हतो, हे खरं. पण शहात्तराव्या वर्षी एक वाक्य...

"चल," ऊजेनी म्हणाली. तिनं निळा पोशाख घातला होता आणि पायांत बंद बूट. "पुढच्या खुर्च्या संपतील, मग मला तुझा आवाज ऐकू यायचा नाही."

शाळेच्या सभागृहात शुक्रवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेचा धूप अजून रेंगाळत होता आणि त्यावर अत्तरांचा थर चढला होता, सत्तर बायकांचा सत्तर तऱ्हांचा. लबीबचं डोकं दुखू लागलं. मंचामागे अबूना बुक्तुरांचा भला मोठा फोटो होता. कुणीतरी संगणकावर त्यांच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. बाजूच्या टेबलावर केक होता, आणि केकवर खायच्या रंगात छापलेला पुन्हा तोच चेहरा. उकाड्यानं क्रीम सुटत होतं. कपाळाच्या कडेला एक माशी बसली होती. हे कापणार, लबीबच्या मनात आलं, कुणाच्या तरी वाट्याला डोळा येणार आणि तो म्हणणार, वा, छान झालाय.

फोटोखाली, चाकांच्या खुर्चीत, खरे अबूना बुक्तुर. हनुवटीवर ओल. मागे उभी असलेली परिचारिका मधूनमधून ती टिपत होती, टेबल पुसावं तशी. दोन वर्षं झाली, ते फारसं बोलत नव्हते. कुणी काही सांगितलं की मान हलवायची. नील चढलाय अबूना — मान. माझ्या मुलीला मुलगा झाला अबूना — मान. त्या मान हलवण्यात एक मऊ संमती असायची, आणि लोकांना ती फार आवडायची. पूर्वीपेक्षा आता जास्त लोक भेटायला येतात, असं परिचारिका सांगायची.

भाषणं सुरू झाली. शिक्षण खात्याचा माणूस बोलला, माजी विद्यार्थी संघाचा माणूस बोलला. दीपस्तंभ, झरा, मेणबत्ती... ते सगळे शब्द लबीबच्याच जुन्या भाषणांमधून फिरत फिरत आले होते. कुठल्या अबूनांसाठी कुठला शब्द आधी वापरला हेही त्याला आठवत होतं. दुसऱ्याच्या तोंडातून पडलेलं अन्न आपल्याच ताटात परत यावं, तसं वाटत होतं. खुर्चीच्या हातावर कुणाचा तरी चिकट हात लागून गेला होता. त्यानं आपला हात मांडीवर घेतला.

मग जलाल बे उठले. पोलिसात फार वरच्या जागेवरून निवृत्त झालेले, रुंद, आनंदी गृहस्थ. या शाळेतच शिकलेले. मशिदीतून सरळ इकडे आलो, म्हणाले, दोन्हीकडे उशीर केला, दोन्हीकडे माफी मागितली. लोक हसले. त्यांनी आधी खुर्चीशी जाऊन अबूनांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि मग ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"मी दहा वर्षांचा होतो. या माणसानं मला एकोणीस छड्या मारल्या. म्हणून मी इथवर पोचलो. विसावी मारली असती ना, तर मंत्री झालो असतो."

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. जलाल बेंचे डोळेही भरून आले होते, खरोखर. ते म्हणाले, अबूना, तुमच्या त्या हाताचे माझ्यावर उपकार आहेत. आणि अबूना बुक्तुरांनी मान हलवली.

लबीब हसत होता. आपल्या गालांचे स्नायू वर गेले आहेत, हे त्याला जाणवलं, आणि ते खाली आणता येईनात.

अबूना बुक्तुरांनी कधी कुणाला मारलं नव्हतं.

चौथीचा वर्ग, खिडकीशी दुसरं बाक. जलाल नावाचा गुटगुटीत मुलगा लबीबच्या चालण्याची नक्कल करायचा, मान पुढे काढून, पुस्तक छातीशी धरून, पाय ओढत — हुबेहूब. सगळा वर्ग फुटायचा. त्या दिवशी दारावरून जाणारे दोन शिक्षकही थांबून हसले. लबीब तेव्हा तिशीत होता, आणि त्याला ऐकू येत होतं ते फक्त स्वतःचं रक्त. छडी हातात कधी आली हे आठवत नाही. आठवतो तो मुलाचा तळहात, गोरा, घामेजलेला, उघडा धरलेला, आणि प्रत्येक फटक्यानंतर तो पुन्हा उघडत होता... पुन्हा उघडत होता, कारण त्याला तसं शिकवलं होतं. मग दारात अबूना बुक्तुर आले. छडी काढून घेतली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या टोमॅटोच्या एका रोपाला ती छडी टेकू म्हणून लावलेली होती, सुतळीनं बांधून. मुलाचा बाप आला, रागानं थरथरत. त्याला अबूनांनी आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाले — हे लबीबला पुढे शिपायाकडून कळलं — मार माझ्या शाळेत बसला, म्हणजे मीच मारलं. बापानं घरी जाऊन तेच सांगितलं असणार. मुलानं पंचेचाळीस वर्षं तेच ऐकलं असणार.

भिंत, विहीर, वरचा मजला, ग्रंथालय. आणि माझ्या छड्या.

"आता आपले उस्ताद लबीब," अबूना रुफाईल म्हणत होते.

तो उठला. गुडघे वाजले. कागद उघडला. वाचायला लागला, आणि आवाज पहिल्या तीन रांगांपलीकडे गेला, कारण आता ध्वनिक्षेपक चांगले मिळतात. ते वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं. ते येताना त्याला दिसत होतं. आता थांबायचं, मान वर करायची आणि म्हणायचं, हे त्यांनी केलं नाही. पण ग्रंथ त्यांनी शिवले नाहीत असं म्हणायला तोंड उघडलं, तर छड्याही त्यांनी मारल्या नाहीत हे त्याच तोंडानं... एक म्हणायचं आणि दुसरं गिळायचं? बायकोचं सोनं मागून घ्यायचं आणि आपली घाण त्यांच्याच दारात ठेवायची? शिसारी इतकी आली की डोळ्यांसमोर अक्षरं हलली. आणि त्यातही, मनाच्या अगदी खालच्या थरात, एक सुटकेचा उबदार ओघळ होता, आता काहीच म्हणायला नको याचा. तो ओघळ त्याला स्पष्ट जाणवला. त्यानं मान वर केली. तिसऱ्या रांगेत ऊजेनी बसली होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती अबूनांकडे पाहत होती, कपाळाला आठी घालून.

'...स्वतःच्या हातांनी वाचवला, वाळवला, शिवला,' त्यानं वाचलं, 'आणि या ग्रंथालयाचा पाया घातला.'

टाळ्या. अबूनांनी मान हलवली.

पुढे पाटीवरचा पडदा ओढला गेला, केक कापला गेला. डोळा शिक्षण खात्याच्या माणसाच्या बशीत गेला. मग रांग लागली, हात चुंबायची. इथं अबूनांच्या हाताचं चुंबन घेतात. आणि चांगले अबूना ओठ टेकायच्या आधी हात काढून घेतात, मी कोण, असं म्हणत. अबूना बुक्तुर त्यात पटाईत होते. त्यांच्या हाताला ओठ लावलेला माणूस गावात सापडला नसता. आता तो हात खुर्चीच्या पट्टीवर नुसता पडून होता. ज्याला हवा त्यानं उचलावा. साठ, सत्तर माणसांनी उचलला. लबीबची पाळी आली तेव्हा हाताची पाठ ओली होती, तिच्यावर लिपस्टिकचा लालसर डाग होता, केकचं क्रीम होतं, आणि साठ तोंडांचा कोमट वास. हात मागे गेला नाही. लबीबनं ओठ टेकवले. पोटातून एक उमासा वर आला, तो त्यानं दातांशी अडवला. परक्या थुंकीची गोड चव जिभेला लागली.

मागे ऊजेनी होती. ती वाकली, आणि अबूनांनी हात काढून घेतला. झटकन, तव्याला लागल्यासारखा. काढून पोटाशी धरला, दुसऱ्या हातानं झाकला. ती तशीच अर्धवट वाकून राहिली. "थकलेत," अबूना रुफाईल घाईनं म्हणाले, "पुरे आता, अबूनांना आत न्या." खुर्ची वळली. रांगेत उरलेले लोक जरा नाराज झाले.

ते दोघं घरी निघाले. दुपारची सामसूम होती, दुकानं बंद, फक्त एक ऊसवाला यंत्र धूत बसला होता. ऊजेनीच्या हातात बास्बूशा मिठाईचं खोकं होतं, तळाशी पाक झिरपून कागद पारदर्शक झाला होता. लबीब वाट पाहत होता. आता ती बोलेल. काय बोलेल याचा त्यानं अंदाज बांधला होता. उत्तरही तयार होतं, आणि ते उत्तर भाषणासारखंच होतं, तीन परिच्छेदांचं. कोपऱ्यावर ती थांबली.

"सात होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"एकोणीस नाही, सात. माझा शिवणाचा वर्ग शेजारीच होता, लबीब. मी मोजत होते. आठवी वाजली असती तर मीच आत येणार होते."

चव्वेचाळीस वर्षं या बाईच्या शेजारी झोपलो.

"पाटीचं —" त्यानं सुरुवात केली.

"पाटीचं वाईट वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू." तिनं खोकं दुसऱ्या हातात घेतलं, पाक लागलेली बोटं रुमालाला पुसली. "पण मी काय केलं ते मला ठाऊक आहे. अबूनांनी काय केलं नाही, ते त्यांना आता आठवत नाही. ते मान हलवत होते. त्यांना खरंच वाटलं असेल, आपण त्या पोराला मारलं."

मग ती चालायला लागली. बंद बुटांत तिचे पाय दुखत असावेत, ती एका बाजूला कलत चालत होती. तो मागे राहिला.

म्हणून तो हात... पण माझ्या वेळी नव्हता काढला. की माझ्या वेळी अजून आठवलं नव्हतं, आणि मधल्या दोन क्षणांत कुठूनतरी ते त्या डोक्यात पोचलं, की या हातानं आपण एका मुलाला मारलं, आणि तो हात बाईमाणसाच्या ओठांना लागू नये... की हे सगळं मीच रचतोय, दोरीवरचं पुढचं पान न सापडणाऱ्या माणसासारखा? नुसती शीरच उडाली असेल. म्हाताऱ्यांच्या शिरा उडतात.

उद्या चार ते पाच भेटायची वेळ असते. जाता येईल. खुर्चीशेजारी बसून सांगता येईल, अबूना, तो मी होतो. आणि ते मान हलवतील. नील चढलाय, मान. मुलगा झाला, मान. तो मी होतो, मान. मग त्यांना कळलं की नाही, हे मी कशावरून ओळखू? आणि नाही कळलं तर परवा पुन्हा जायचं? रोज?

ऊसवाल्यानं यंत्र धुतलेलं पाणी रस्त्यावर लोटलं. चिपाडं वाहत लबीबच्या बुटाशी आली, वर फेस, भोवती माश्या. सकाळपासून अशा प्रत्येक गोष्टीवर जे आत उसळत होतं, त्याची त्यानं वाट पाहिली. ते आलं नाही. त्यानं मुद्दाम केक आठवून पाहिला, डोळ्यासकट. तो सोललेला फोटो आठवला. मग तो ओला हात. ओठांवर अजून त्याची चव होती. ती पुसून टाकायला त्यानं खिशातून रुमाल काढला, ओठांपर्यंत नेला, आणि तसाच धरून उभा राहिला. ती चव आता घाण वाटत नव्हती, कुठल्याही माणसाच्या कातडीसारखी होती, खारट. आणि किळस नसलेल्या त्या रिकाम्या जागेत आपण आता कसं उभं राहायचं, हे त्याला कळेना.